बोळक्यांपायी अडलेला राब

कामशेतजवळच्या एका शेतात निघालेली अंगठ्याएवढी मातीची बोळकी खरोखरच प्राचीन आहेत, असे माझे प्रोफेसर मित्र काल ठामपणे म्हणाले. जुन्या वस्त्यांची भांडी पाहण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले आहे. ती कशासाठी होती, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही, आणि सगळे अडले आहे ते तिथेच.

आमच्याकडे तांदूळ घालणारे कामशेतचे व्यापारी इब्राहिमभाई यांनी ही हकिकत सांगितली, तेव्हाच जायचे ठरले. पुण्याहून सकाळची पॅसेंजर सोयीची. स्टेशनबाहेर चहा घ्यावा. साखरेच्या टंचाईत तो गुळाचा मिळतो, पण गरम असतो. पुढे बैलगाडी. भाडे आधी ठरवावे आणि डोक्याला फडके बांधावे, कारण पवनेकडचा रस्ता नुसता फुफाटा आहे.

शेत सारजामावशींचे; इब्राहिमभाईच आम्हाला तिथे घेऊन गेले. भाताचे रोप टाकायची जागा भाजण्यासाठी पाला आणि शेण पसरून राब तयार होता, पण मावशी काडी ओढेनात.

"पोरांची खेळनी असली तर भाजते. पन कुनाच्या लेकरासंगं पुरलेली असली तर? त्याच्या उरावर इस्तू घालू व्हय?"

प्रोफेसरांनी एक बोळके उन्हात धरले. आत पिवळा डाग होता. त्यांचा चेहरा उजळला. "पूजेचा रंग! म्हणजे देवाला वाहिलेली."

"हळद हाय ती," मावशी म्हणाल्या. "संक्रांतीला म्याच सुगडं म्हनून पुजली. बाजारची फुटली हुती."

"घ्या! पांडवांच्या काळचं वाण लुटलं की मावशीनं!" इब्राहिमभाई हसले.

प्रोफेसर हसले नाहीत. "पुजण्याआधी धुतली होती? आत मूळचं काही राहिलं असतं, तर त्यावरूनच कळलं असतं."

"राखेनं घासून. तशीच पुजायची का?"

नाचणीची भाकरी आणि वाटाण्याची आमटी खाताना मी आणखीच गोंधळलो. असल्याच बोळक्यात आज पोरी भातुकली मांडतात आणि बायका वाण देतात. त्या काळच्या बाईने काय केले असेल? खेळणे, नवस की लेकराची शिदोरी? दर घासाला माझे मत बदलत होते.

परतताना इब्राहिमभाई हळूच म्हणाले, "मावशीचं पयलं लेकरू राबाच्या बांधापल्याडच पुरलेलं हाय."

घरी आलो तरी ठरत नाही. त्या बांधात एक बोळके अजून रुतलेले आहे, न धुतलेले. येत्या रविवारी प्रोफेसर ते मातीसकट काढतील आणि शेजारी हाडे आहेत का, तेही पाहतील. हाडे निघाली, तर मावशी राब तिथे भाजणार नाहीत, आणि रोपाला दुसरी जागा त्यांच्याकडे नाही. तोवर वळीव येऊन राब भिजू नये, एवढीच इच्छा.