ग्रिलमधला वड

जेसल पार्कातल्या त्या बिल्डिंगमध्ये सुभाषकाका म्हणजे तिरसट माणूस, यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि त्याला कारण होता एक वड. चौथ्या मजल्यावर, बेडरूमच्या ग्रिलमध्ये, उथळ कुंडीत तो उभा असायचा. हातभर उंच, पण पारंब्यांसकट. गिरगावची खोली सोडताना काकांनी गच्चीच्या भिंतीतून उपटून आणलेलं रोप. ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी ते त्याची पानं बघायचे. दरवर्षी वटपौर्णिमेला बायका नटूनथटून, ताटं घेऊन यायच्या आणि काका त्यांना दारातूनच वाटेला लावायचे. "ते झाड आहे, देव नाही. त्याला दूध पाजायचं नाही." बायका नाकं मुरडत जायच्या आणि मनोरमाकाकूंना चार दिवस लिफ्टमध्ये मान वर करवत नसे.

थंडीत काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, 'हं' आणि 'ना' एवढंच उरलं. घरी आणल्यावर ते घासच घेईनात. शेवटी एकदा काकूंनी वैतागून कुंडी उचलली आणि त्यांच्या उशाशी ठेवली. काकांचा डावा हात सावकाश वर आला आणि त्यानं एक पिकलं पान खुडलं. त्या दिवशी ते वाटीभर मऊ भात जेवले. तेव्हापासून जेवणाच्या वेळी कुंडी उशाशी यायची. या माणसाचा जीव या झाडात आहे, असं काकूंनी मनाशी धरलं, आणि ते खोटंही नव्हतं.

वटपौर्णिमा आली तशी तिसऱ्या मजल्यावरची नीलम वर आली. "काकू, ह्या वर्षी तरी करू द्या ना. काकांसाठीच करतोय आम्ही सगळ्या."

अडवणारा आता अंथरुणाला खिळला होता. आणि खरं सांगायचं तर काकूंनाही पूजा हवीच होती; उभ्या संसारात ते व्रत त्यांना कधी नव्हे इतकं या वर्षी गरजेचं वाटत होतं. काकांचा डोळा लागल्यावर कुंडी गुपचूप हॉलमध्ये आली. दूध, साखर, पंचामृत, हळदकुंकू, जिनं तिनं ओतलं. सुताचे एवढे फेरे झाले की खोड दिसेना. कुंडी परत ग्रिलमध्ये गेली, तर तळाच्या भोकांतून दूध गळून खालच्यांच्या वाळत्या कपड्यांवर पडलं. "अरे, ऊपर से क्या गिरा रहे हो?" खालून ओरड आली. तीर्थ लोकांच्या बनियनवर सांडावं हे काकूंना सोसेना. त्यांनी चिंध्यांचे बोळे करून भोकं घट्ट बुजवली. वर रोज वाटीभर दूध घालायचं ठरवलं, काका उठून बसेपर्यंत. जेवणाच्या वेळी कुंडी उशाशी नेताना त्या सूत आणि माती फडक्यानं झाकून घ्यायच्या.

आधी खालची पानं पिवळी पडली, मग हात लागताच गळायला लागली. काकूंना वाटलं कीड असेल. त्यांनी कडुलिंबाचं तेल फवारलं. मग वाटलं, झाड उपाशी आहे, खत घातलं. फांद्या उघड्या पडायला लागल्या तशी त्यांनी कुंडी उशाशी आणणंच बंद केलं. "बाहेर ओलं आहे हो," म्हणायच्या. काका "ना, ना" करून पांघरूण ओढायचे आणि ताट तसंच परत जायचं.

शेवटी काकूंनी हार मानली आणि एक पान त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी ते उलटून पाहिलं. कीड नव्हती. मग बोटांनी चुरडून पाहिलं आणि कुंडीकडे हात केला. काकूंनी कुंडी आणली. काकांनी मातीत बोट खुपसलं, नाकाशी नेलं. नासलेल्या दुधाचा वास अख्ख्या खोलीत सुटला. त्यांनी नुसतं काकूंकडे पाहिलं.

"तुमच्यासाठीच केलं हो," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग त्यांनीच कुंडी कलती करून बोळे उपसले. काळं पाणी भळाभळा चादरीवर आलं.

पलंगावरच उपचार झाले. सूत कापलं, मुळं धुतली. काकू एकेक मूळ कात्रीत धरायच्या आणि विचारायच्या, "हे?" काळं, पिळपिळीत मूळ असलं की काका "हं" म्हणायचे. पांढरं दिसलं की "ना". 'ना' फार थोडे आले. जाड रेती आणि विटेचा चुरा घालून झाड सावलीत ठेवलं. खत नाही, पाणीसुद्धा वरची माती सुकल्यावरच. काका पुन्हा जेवायला लागले. रोज सकाळी ते नखानं फांदीची साल खरवडायचे. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत. शेंडा तपकिरी निघाला. मग त्याखालची फांदी. मग त्याखालची. काकू हिरव्यासाठी देवाचा धावा करत बाजूला उभ्या राहायच्या. एका सकाळी काकांनी बुंधा खरवडला, तपकिरी. मागच्या बाजूनं खरवडला, तपकिरीच. त्यांनी हात पांघरुणात घेतला. त्या दुपारपासून त्यांनी तोंड उघडलं नाही.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. आठवड्यानं नीलम भेटायला आली. ग्रिलमधली काटकी तिनं खालूनच पाहिली होती; हॉलमध्ये येताच तिनं हात जोडले. "काकू, बघा, झाडानं काकांवरचं सगळं स्वतःवर घेतलं. व्रत फळलं तुमचं. पूर्ण बिल्डिंग तेच बोलतेय."

काकूंच्या हातात नळीतून द्यायच्या पेजेचं भांडं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, नीलमचं मनगट धरलं आणि तिला बेडरूमच्या दारापर्यंत ओढत नेलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "काय फळलंय ते नीट बघून घे."