मॉड काढलेली गाडी

रेवसच्या रस्त्याला, खाडीच्या अलीकडच्या गावात बुधाजी घरत एकटे राहतात. एकतीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. थळला खताची पोती भरायची, सोलापूर, लातूर, कधी हुबळीपर्यंत सोडून यायची. मग उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, लायसन वाढवून मिळालं नाही, आणि दहा चाकी गाडी पनवेलच्या एकाने विकत नेली. त्याच वर्षी परेशला, त्यांच्या मुलाला, मुलगी झाली. नातीला सांभाळायला बायको सत्यवती उलव्याला गेली, सहा महिन्यांसाठी म्हणून. आता नात शाळेत जाते.

तिला न्यायला आलेला परेश जाताना आपला जुना कॉम्प्युटर आणि खेळण्यातलं वाटावं असं स्टिअरिंग ठेवून गेला. आत ट्रक चालवायचा गेम होता. वेळ जाईल तुमचा, म्हणाला.

बुधाजींना तो गेम आधी पटलाच नाही. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं, चाकाला चिखलाचा थेंब नाही. मग एका व्हिडिओत त्यांना कळलं की गेमचं हे रूप बदलता येतं. लोक त्यासाठी फाइली बनवतात, त्यांना मॉड म्हणतात. उतरवून घ्यायच्या, गेमच्या फोल्डरात टाकायच्या, यादीत चालू करायच्या. त्यांनी आधी धुळीचा मॉड टाकला, मग जुन्या बल्बसारख्या पिवळ्या हेडलाइटचा, मग ढगाळ आभाळाचा. तिसऱ्यानंतर स्क्रीन काळी झाली. दोन दिवस बुधाजी एकेक मॉड बंद करून, परत चालू करून बघत बसले, गॅरेजमध्ये वायर तपासावी तसे. शेवटी उमगलं, यादीत वरचा मॉड खालच्याला झाकतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. हे कुणी त्यांना शिकवायची गरज नव्हती. शेवटी उतरवायचा माल आधी चढवायचा, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. त्यांनी यादी तशी लावली आणि गेम सुरू झाला.

मग स्वतःची गाडी. मोबाइलमधल्या जुन्या फोटोंवरून त्यांनी निळी केबिन, पिवळी पट्टी, दारावरचं आई एकवीरेचं नाव, सगळं एका चित्रात बसवलं. गाडी उठली ती काळी ठिक्कर. नऊ दिवस तिने छळलं. चित्राचं माप गेमला हवं तेवढं नव्हतं, एवढंच. दहाव्या दिवशी निळी गाडी समोर उभी राहिली तेव्हा बुधाजी शेजारी सांगायला निघाले, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरले. सांगायचं काय आणि कुणाला?

परेशला मात्र फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मग एकदा दोघं मिळून चालवू, इंटरनेटवरून दोन गाड्या एकाच रस्त्यावर आणता येतात. रविवारी चार वाजता. पाचला त्याला कळंबोलीला हळदीला जायचं होतं.

बुधाजी आठवडाभर त्या तासाची वाट बघत राहिले. शनिवारी जोडून पाहिलं, तर जोडणी होईना. दोघांकडचे मॉड सारखे असल्याशिवाय गेम गाड्या एकत्र येऊ देत नव्हता. माझा ऑफिसचा लॅपटॉप आहे, त्याला एवढं झेपणार नाही, तुम्हीच काढा ना, परेश म्हणाला. बुधाजींनी एकेक करून सगळे काढले. निळी गाडी सगळ्यात शेवटी.

रविवारी फोन स्पीकरवर ठेवून बापलेक निघाले. इंग्लंडचा रस्ता निवडला होता, तिथे आपल्यासारखं डावीकडून चालतात. बुधाजी पुढे, पांढऱ्या कोऱ्या ट्रकमध्ये. आरशात परेशचा लाल ट्रक. वीस मिनिटं दोघं फारसं काही बोलले नाहीत. बुधाजींना ते आवडलं.

एका चढावर समोर रस्ता मोकळा दिसला. पोराला पुढे जाऊ द्यावं, जरा त्याची गाडी मागून बघावी, म्हणून त्यांनी वेग कमी केला आणि उजवा इंडिकेटर दिला. लाल ट्रक जवळ आला, उजवीकडे फाटा होता तिथे आत शिरला आणि आरशातून गेला.

"बाबा, कुठे वळलात तुम्ही? दिसत नाही."

"मी कुठं वळतोय? सरळ हाय मी."

"उजवा दिला होता ना? म्हणून मी आत घेतली."

"अरे, उजवा म्हणजे रस्ता मोकळा हाय, काढ गाडी पुढं. मागच्याला तसंच सांगतात."

"मला कसं कळणार ते?"

फोनवर मागून सत्यवतीचा आवाज आला, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. "उजवा म्हंजे ये पुढं. डावा म्हंजे थांब, समोरून येतंय. मला विचारायचं व्हतंस."

"तुला कुणी सांगितलं गं, आई?"

"लग्न झाल्यावर जेजुरीला गाडीनंच गेलो की आमी. दोन दिवस केबिनमधी बसले व्हते."

परेश हसला. मग म्हणाला, "मला कधीच नेलं नाही तुम्ही."

"शाळा होती तुझी."

"मे महिन्यातही?"

बुधाजींकडे उत्तर होतं. केबिनमध्ये बसलेलं पोर पुस्तकाकडे परत जात नाही, हे त्यांनी सख्ख्या पुतण्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. परेश हट्ट करायचा तेव्हा ते पहाटे, तो उठायच्या आत गाडी काढायचे. 

"थांब तिथंच," ते म्हणाले. "वळवून येतो मी."

वळवायला जागा मिळेपर्यंत बरंच पुढे जावं लागलं. मागे फिरले तेव्हा नकाशा फाटा अकरा किलोमीटरवर दाखवत होता. सात उरले असताना तिकडून सुनेची हाक ऐकू आली.

"बाबा, पाच वाजले. निघायला हवं," परेश म्हणाला.

"पुढल्या रविवारी?"

"बघू. कळवतो." आणि फोन ठेवता ठेवता, "औषध टाका डोळ्यात."

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या, गेममध्ये कोण आहे त्या यादीतून परेशचं नाव गेलं. बुधाजींनी वेग कमी केला नाही. फाटा आला, ते डावीकडे वळले. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं. दीडेक किलोमीटरवर कडेला एक रुंद जागा लागली. परेश थांबला असेल तर इथेच, असं त्यांना वाटलं. तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.