मोरीवरची कौलं चुलीवर

गच्चीवरचा पत्रा वादळाने उडाला नव्हता, नुसता सरकला होता. तो फोडला आपल्या सोसायटीच्या कमिटीतल्या चार जणांनी, बूट घालून वर चढून... आणि पाणी आलं माझ्या पलंगावर.

नमस्कार. तब्येत बरी आहे, कुणी विचारू नका. पलंग सरकवला, खाली परात ठेवली, आणि परातीकडे बघत लिहितेय.

गळणाऱ्या छपरावर घाईने माणूस चढवला की छप्पर जास्त फुटतं. हे मला कमिटीने शिकवायची गरज नाही, मी माहेरहून शिकून आले होते... आणि त्याच्यावरच या मुंबईत राहिले.

तेव्हा आम्ही काळाचौकीला होतो. कौलारू चाळ, वरचा मजला, एक खोली. सासूबाई खाणावळ चालवायच्या, गिरणीतली अकरा माणसं आमच्याकडे दोन्ही वेळ जेवायची. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत तांदळाचं पोतं, आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं.

लग्नाला पाच महिने झाले होते. सासूबाईंचं ठरलं होतं... मुलाने इथे गिरणी करायची, सुनेने गावी राहून शेत बघायचं. कोकणातल्या बहुतेक घरांत तसंच चालायचं. पावसात बोटी बंद म्हणून मी थांबले होते. दसरा तोंडावर आला, बोटी सुरू झाल्या, आणि माझी ट्रंक भरून दाराशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशीची बोट होती.

मला जायचं नव्हतं. इथे मजल्यावर नळ होता, विहीर ओढायला लागत नव्हती. नवराही बरा होता.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमची अकरा माणसं सभांना जायची, घसे बसवून यायची आणि जेवताना सांगायची, मुंबई आपली आहे, सोडायची नाही. मी भाकऱ्या थापत ऐकायची... मनात म्हणायची, तुमची असेल, माझी परवापर्यंतच आहे.

त्या दिवशीही संध्याकाळी सभा होती. पहिली पाळी सुटून सगळे आले होते, लवकर जेवून निघणार होते. चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि असा वारा सुटला की गॅलरीतली धुणी समोरच्या चाळीत गेली. चुलीवरचं एक कौल सरकलं, धार थेट निखाऱ्यावर. तांदळाचं पोतं हातभर लांब.

एक कौल, बरं का. एकच.

आमचे हे आणि खाणावळीतले परब दोघे गॅलरीच्या कठड्यावरून छपरावर चढले. हे मुंबईतच वाढलेले, कौल त्यांनी खालूनच बघितलेलं. परब सहा फुटी, मागावर काम करणारे. दोघांनी पाय ठेवले ते कौलाच्या बरोबर मध्यावर... आणखी पाच कौलं गेली, आणि परबांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली आला. आमटीच्या टोपावर लोंबकळत होता.

सासूबाईंनी टोप ओढून घेतला आणि वर बघून म्हणाल्या, "परबानू, आज पायान जेवतलात काय?"

खाली जमलेले सगळे हसले. मी नाही हसले, मला पोतं दिसत होतं. ते भिजलं तर अकरा ताटं बंद, आणि माणसं दुसऱ्या खाणावळीत.

मी यांना ओरडून सांगितलं, दोघेही खाली या, वर वजन नको. पदर खोचला, मोठ्या डब्यावर पाट ठेवला आणि चढले. आमच्या गावी दर वैशाखात कौलं चाळायची, म्हणजे काढून परत नीट बसवायची, आतून हात लावायला मी असायची. कौल आतून तळव्याने उचलायचं, वरच्याच्या पोटात सरकवायचं, मग खालचं मोकळं होतं. जोर लावायचा नाही, ते आपणहून येतं.

पण नवी कौलं आणायची कुठून... त्या वादळात कोण देणार होतं.

मग मी मोरीवरची काढली. एकेक करून सहा कौलं मोरीवरून उतरवली आणि चुलीवर चढवली.

"अगो, मोरीत पाणी पडात मा," सासूबाई खालून म्हणाल्या.

"पडू दे. मोरीत पाणी पडायला नको तर कुठे पडायला हवं?"

उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. सासूबाईंनी स्वतःच पिंप ओढून मोरीत नेलं आणि पावसाखाली लावलं.

चूल परत पेटली, अकरा माणसं जेवली, ओल्या कपड्यांनीच सभेला गेली. परब लंगडत गेले, पण गेले. सासूबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसून पिंप भरताना बघत होत्या. बराच वेळ. नळावरच्या दोन फेऱ्या वाचल्या होत्या.

हे सभेहून परत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "ती ट्रंक माळ्यार ठेव. हिका हयच रवांदे... पुढल्या पावसाक कौलां कोण बघतला?"

माझ्यावर माया आली असं काही नाही, कौलांसाठी ठेवून घेतली. मला चाललं. पुढे मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा चाळीत पेढे वाटले, मीही खाल्ला. पण माझी मुंबई मला त्याआधीच मिळाली होती... चुलीवरच्या कौलांच्या हातभर काजळीसकट. अजून सोडलेली नाही, आणि झोप लागते चांगली.

आता पत्र्याचं. चौघांपैकी कुणाचा पाय कुठे पडला ते त्या चौघांनीच इथे ग्रुपवर खाली लिहायचं. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवायची नाहीत. आणि माझ्या सुनेने मध्ये पडून "काही हरकत नाही" असं लिहायचं नाही... परात तिच्या डोक्यावर नाही ठेवलेली.