चपला सांभाळणारे मामा

हिंगोलीतल्या दवाखान्यांची बाकडी माझ्या मोठ्या मामांनी जितकी झिजवली, तितकी एखाद्या जुनाट रोग्यानंही झिजवली नसतील. आणि मामांना स्वतःला साधी सर्दीसुद्धा कधी होत नसे. औंढ्याजवळच्या आमच्या गावात कुणाचंही ऑपरेशन निघालं की सोबतीला मामाच. डॉक्टर पेशंटला विचारत, "कुठं दुखतंय?" आणि उत्तर मामा देत. भुलीबद्दल तर त्यांचं मत ठाम. "पुरी भूल घे. डोळे मिटायचे, उघडायचे, काम खलास." एवढा धीर देऊन ते पेशंटच्या चपला काढून घेत आणि तो बाहेर येईपर्यंत मांडीवर धरून बसत. चपला आपल्या माणसाच्या हातात असल्या की माणूस परत येतो, जमिनीवर ठेवल्या तर भरवसा नाही, असं त्यांचं शास्त्र. माझ्या बारावीला चपला वर्गाबाहेर काढायला लावत, तेव्हा गणिताच्या पेपरला मामा त्या उचलून शाळेच्या फाटकाशी उभे होते. पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्यात त्या चपलांचा वाटा किती, मला सांगता येणार नाही; मामा मात्र निम्मा धरतात.

यंदा त्यांचीच अक्कलदाढ हाडात आडवी निघाली. गाल सुजून पपईएवढा झाला, सूज उतरताच दाढ काढणं भाग होतं. उपाशीपोटी हिंगोलीला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी नीट समजावलं, "नुसती जागा बधिर करून काढता येईल, पण वेळ लागेल आणि आवाज ऐकू येईल. नाहीतर जोडीला शिरेतून गुंगीचं औषध देऊ. हाक मारली तर ओ द्याल, नंतर फारसं आठवणार नाही. पुरी भूल हवी तर नांदेडला जा."

मी उत्साहानं म्हणालो, "मामा, पुरीच घ्या. डोळे मिटायचे, उघडायचे..."

"अन् न्हाई उघडले तर?" मामा म्हणाले. "नुसती सुई द्या, डॉक्टर. मी जागा राहून बघतो, तुमी काय करून राहिले ते."

पण खुर्चीत बसल्यावर त्यांचं ब्लडप्रेशर चढलं आणि जबडा असा आवळला की आत आरसाही जाईना.

"मामा, तोंड उघडा."

"उघडलंय की," मामा दातांवर दात ठेवूनच म्हणाले.

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "असं जमणार नाही. गुंगीचं औषध घ्या. भूलतज्ज्ञ शेजारीच बसतील, श्वासावर नजर ठेवतील."

मामांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग वाकून चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "बराबर धर. खाली ठेवू नको."

मी ठेवल्या नाहीत. मेडिकलवर औषधं आणायला गेलो तोही चपला काखेत मारून. दुकानदार म्हणाला, "काहून हो, चपला चोरीला जाऊन राहिल्या का दवाखान्यात?"

डॉक्टर बाहेर आले ते हसतच. "निघाली दाढ. गुंगीत दोनदा विचारत होते, पोरगं चपला धरून हाय का खाली ठेवल्या?"

थोड्या वेळानं मामा आले, तोंडात बोळा, आयुष्यात पहिल्यांदाच गप्प. त्यांनी नुसता पाय पुढे केला. मी खाली बसून चपला चढवल्या. एवढ्या वर्षांत मामांच्या चपला कुणी हातात धरल्याचं मला आठवेना.