ऐकलं. पटलं नाही.

"ऐकलं. पटलं नाही."

एवढं बोलून ते मान डावीकडे वळवायचे, म्हणजे त्यांचा जरा बरा असलेला उजवा कान आपल्यासमोर यायचा. आपल्याला वाटायचं, आता पुढचंही ऐकून घेतील. तसं काही नसायचं. विषय तिथेच संपलेला असायचा.

नाव सांगणार नाही. मी हॉस्पिटलात कान तपासते आणि पेशंटबद्दल बाहेर बोलायची आम्हाला बंदी आहे. ती मी अर्धी मोडतेच आहे, पुरती मोडणार नाही. शिवाय नाव सांगितलं की तुम्ही गाणं गुणगुणायला लागाल आणि माणूस राहील बाजूला. ज्यांच्या घरी रॉकच्या रेकॉर्ड होत्या त्यांनी यांचे ड्रम ऐकलेले आहेत, एवढं पुरे. फोटोत सगळ्यांच्या मागे बसलेला, खांद्यापर्यंत केस वाढवलेला सावळा मुलगा म्हणजे आमचे काका. इंग्रज चाहते त्यांना कित्येक वर्षं इटालियन समजत होते. वडील नागपूरचे, लंडनला हॅरोजवळच्या कारखान्यात फिटर. खाली बुद्धवंदना चालायची आणि वर माळ्यावर ड्रम.

मराठी त्यांनी फक्त आईकडून उचललेली. त्यामुळे ते सगळ्यांना "तू" म्हणायचे. मला, माझ्या सासूबाईंना, विहारातल्या भंतेजींनासुद्धा. "भंतेजी, तू जेवला?" असं भर सभागृहात विचारायचे. पुल्लिंग, स्त्रीलिंग हा प्रकार त्यांनी कधी मानलाच नाही. "ऐकलं, पटलं नाही" हे एकच वाक्य तेवढं शुद्ध निघायचं, कारण ते आईचं होतं आणि ती ते वडिलांना दिवसातून दहा वेळा ऐकवायची.

आमची पहिली भेट तपासणीच्या खोलीत झाली. सत्तरी ओलांडलेली, आणि मुलीने हाताला धरून आणलेलं. बाहेर रिसेप्शनवरच्या बाईने स्वतःच्या चहाच्या मगवर त्यांची सही घेतली होती. मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि सांगितलं, बारीक आवाज आला की बटण दाबा.

आलेख निघाला तो विशीतल्या पोरासारखा. मी चकित. कारण खोलीत येताना मी मागून तीन वेळा हाक मारली होती आणि हा माणूस ढिम्म होता.

मग त्यांचा पाय दिसला. उजव्या पायाचा चवडा हलत होता. इतक्या वर्षांच्या सवयीने मी सारख्याच अंतराने आवाज सोडत होते. गृहस्थांनी पहिल्या चार आवाजांत माझा ठेका पकडला आणि पुढे ऐकू येवो न येवो, ठेक्यावर बटण दाबत राहिले. मी मुद्दाम थांबले. त्यांनी शांततेत तीन वेळा बटण दाबलं.

"काका, आत्ता काहीच वाजलं नव्हतं."

"तू टेम्पो बदलली," ते हेडफोन काढत म्हणाले. "दॅट्स चीटिंग."

चीटिंग म्हणे मी केलं. मला भयंकर राग आला, खरं तर स्वतःचाच. अठरा वर्षं मी हे काम करते आणि माझ्या हाताला ठेका आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी आवाज मध्येच लांबवते, मध्येच घाई करते. खरा आलेख काढला तेव्हा डावा कान जवळजवळ गेलेला होता, उजवा निम्मा. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मीच केला हे. मजा आली पण."

कानाची दोन मशीनं दिली. पिनरमध्ये आमची घरं दोन गल्ल्या सोडून होती, म्हणून बॅटरी बदलायला ते क्लिनिकऐवजी माझ्या दारात यायचे. "जय भीम, बॅटरी डेड," अशी सलामी. बसायचे, पोहे खायचे, बोलायचे.

दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. पहिली बायको रीडिंग नावाच्या गावी असते आणि दर ख्रिसमसला त्यांना कार्ड पाठवते. "ती मला सोडून नाही गेली," ते म्हणायचे. "मी घरी नव्हतोच. सोडणार कोणाला?" दुसरीची मुलगी, ती त्यांना तपासणीला घेऊन आलेली हीच. ती जन्मली तेव्हा हे जपानात वाजवत होते आणि तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच आठवड्यांची होती. हे ते सांगायचे तेव्हा मात्र विनोद नसायचा.

बँडचा गायक त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्यांच्या एका गाण्याची सुरुवात, म्हणजे नुसते ड्रम, सैन्यभरतीच्या जाहिरातीला हवी होती. गायकाने होकार दिला, हे अडून बसले. जाहिरात निघाली नाही, मैत्री गेली. पुढे सगळ्यांनी पुन्हा एकत्र येऊन दौरा करायचं ठरलं तेव्हा गायकाने तासभर फोनवर समजावलं. यांनी काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. गायकाला त्याचा अर्थही कळला नसणार, कारण ते मराठीत दिलं होतं.

आणि मग शनिवार. लंडनबाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटीत क्षेपणास्त्रांचे भाग बनवणारा कारखाना आहे. दर शनिवारी पाच-पंचवीस माणसं त्याच्या फाटकासमोर बसतात, त्यात हे. घडीचं स्टूल, थर्मास, आणि गळ्यात पुठ्ठा: "इथे काय बनतं ते विचारा." ड्रम कधी नेला नाही. लोकांना वाटायचं, एवढा नामांकित वादक, निदान काहीतरी वाजवेल. ते म्हणायचे, "मी वाजवला तर लोक मला बघणार. फाटक कोण बघणार?"

तीनदा पकडले गेले, तीनदा समज मिळाली. चौथ्या वेळी पोलिसांनी अट घातली होती: अकरानंतर फाटकासमोरून उठायचं आणि रस्त्यापलीकडे जायचं. अधिकाऱ्याने मागून भोंग्यावर तीन वेळा पुकारलं. बाकीचे उठले. हे फाटकाकडे तोंड करून बसून राहिले. रिमझिम होती आणि पावसात मशीन भिजू देऊ नका असं मीच त्यांना बजावलेलं होतं, म्हणून दोन्ही मशीनं डबीत, डबी कोटाच्या आतल्या खिशात. त्यांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नव्हतं. खांद्यावर पोलिसाचा हात पडला तेव्हा ते दचकले, असं शेजारी बसणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं.

वकील म्हणाले, सोपं आहे. सूचना ऐकूच आली नाही तर अट मोडल्याचा गुन्हा उभा राहत नाही. त्यांच्या कानांचा रिपोर्ट कोर्टात दिला की सुटले. नाही तर आधीच्या तीन वेळा धरून या खेपेला तुरुंग ठरलेला. रिपोर्ट मी द्यायचा, पण तो बाहेर जायला पेशंटची सही लागते.

सहीसाठी मुलगी त्यांना घेऊन आली. ती क्रॉयडनला सरकारी ऑफिसात आहे, शिस्तीची, आणि तेव्हा तिला आठवा महिना होता. तिने फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन हातात दिलं.

"डॅड, साइन कर. इट्स नॉट इव्हन अ लाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग पेपरमध्ये येणार, पुअर ओल्ड मॅन, बहिरा होता, त्याला कळलाच नाही," ते म्हणाले. "मला कळला होता. मी बसला होता. ऐकला असता तरी बसला असता."

"बेबी येईल तेव्हा तू आत असशील. माझ्या वेळी टूर, आता प्रिझन." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तरी त्यांना तो बरोबर ऐकू आला असावा, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी मध्ये पडायला नको होतं. पडले. म्हटलं, "काका, रिपोर्ट खरा आहे. तुम्ही कोर्टात 'ऐकलं' म्हणालात तर ते खोटं होईल. पंचशीलातलं चौथं आठवतंय ना?"

"आठवते. पहिला पण आठवते," ते म्हणाले. "प्राणी मारू नका. तो पहिला आहे ना, ताई? मग तो आधी."

भंतेजींनी यावर काय म्हटलं असतं मला माहीत नाही. मुलगी फॉर्म तिथेच टाकून निघून गेली, आणि तिच्या मागून तेही गेले, जिना उतरताना तिला हात द्यायला. तिने हात घेतला नाही.

कोर्टात मी रजा टाकून गेले. त्या दिवशी त्यांनी दोन्ही मशीनं घातली होती, बॅटऱ्या नव्या. न्यायाधीश बाईंनी विचारलं, अधिकाऱ्याने दिलेली सूचना तुम्ही ऐकली होती का?

"येस. एव्हरी वर्ड."

मी मागच्या बाकावर बसून स्वतःचे हात दाबून धरले. उभं राहून ओरडावंसं वाटत होतं की हा माणूस खोटं बोलतो आहे, आलेख माझ्या टेबलाच्या खणात आहे. बाईंनी आणखी एक संधी दिली. पुन्हा तिथे जाणार नाही असं सांगाल का? ते म्हणाले, सॉरी, शनिवारी मी तिथेच असतो. सहा आठवड्यांची शिक्षा झाली; इथे निम्मीच भोगावी लागते, म्हणजे आत प्रत्यक्ष तीन.

मला त्यांचा राग आला होता, आजही येतो. एक सही केली असती तर त्या पोरीजवळ कोणीतरी असतं. तिने एवढंच मागितलं होतं. आणि तरी त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना माझी मान ताठ होती. हे मी मुलीला सांगितलेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ घालायचा मी नाद सोडून दिला आहे.

मागच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मशीनं हॉस्पिटलची असतात, परत करावी लागतात. मुलगी ती डबीतून घेऊन आली, सोबत दात फुटलेली, गुबगुबीत नात. पोरीने माझ्या टेबलावर धडाधड हात आपटले. मी कागदपत्रं भरली. फाटकासमोर शनिवारी अजून माणसं बसतात, त्यातलं एक स्टूल कमी झालं आहे.

मला मात्र त्यांची एक भेट आठवते. तुरुंगातून सुटल्यावर आठवड्याभराने ते मशीनची नळी बदलायला आले होते. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. मी अजून घुश्श्यात होते. नळी कापता कापता विचारलं, नात झाल्याचं तुम्हाला कळलं तरी कसं?

"तिनेच फोन केली प्रिझनला. एवढी रागावली, तरी केली." त्यांनी दाढी खाजवली. "मग ऑफिसर आला दाराशी. म्हणाला, इट्स अ गर्ल, बोथ वेल. मी म्हटला, सॉरी, डेफ आहे, परत सांग. त्याने परत सांगितला. मी म्हटला, नाही ऐकू आला. मग तो असा ओरडला, पूर्ण विंगने टाळ्या वाजवल्या."

"अहो, मशीनं नव्हती का कानात?"

"होती ना," ते म्हणाले. "पहिल्या वेळीच ऐकलं होतं."