पाटलांना काळवीट दाखवायला गेलतो

हसायचं असंल तर चहाची बशी आधी खाली ठेवा. मागनं ठसका लागला तर माझं नाव घेऊ नका!

महाराजांच्या राज्यातली गोष्ट. माझं फेटे बांधायचं दुकान होतं, लगीन ठरायचं होतं आणि तोंडाला लगाम नव्हता. मुलगी बघून आलतो, पसंत होती. तिचे वडील, शिरोळकडचे पाटील, पोरगा पारखायला कोल्हापुरात आले. मी ठोकून दिलं, "शिकारीत सरकारांचं माझ्याबिगर पान हलत न्हाय!"

अहो, मी उभ्या जन्मात एक उंदीर मारलेला. तोबी आईनं दाखवला म्हणून!

पाटील बिलंदर. म्हणाले, "मग दावा की आमाला सरकारी कुरणातली काळविटं!"

आली का पंचाईत? नशीब, कुरणाचा राखणदार माझं गिऱ्हाईक. त्यानं आत सोडलं, पण बजावलं, "पायवाट सोडू नगा. आन् आवाज अजिबात नगं. आज सरकारांचा पावणा गोरा सायेब शिकारीला आलाय."

कमरेएवढ्या गवतातनं निघालो. मी पुढं, ऐटीत. वाटेत लेंड्या दिसल्या. म्हटलं, "चितळ गेलंय इथनं!"

पाटील वाकून बघत म्हणाले, "शेळी गेलीया."

पण टेकाडावर पोचलो आणि समोर काळविटांचा कळप! पिळाची शिंगं, काळीभोर पाठ. पाटील बघतच राहिले. हळूच म्हणाले, "वा, जावईबापू!"

जावईबापू! मी असा फुगलो म्हणता! अजून जवळनं दाखवावं म्हणून पायवाट सोडली, झुडपाला वळसा घातला, आणि समोर पिवळं, ठिपक्याठिपक्यांचं जनावर!

"वाघ! मेलो! वाघ!"

पुढचं मला आठवत न्हाय. शुद्धीवर आलो तवा बाभळीच्या शेंड्यावर होतो. फेटा एका काट्याला, धोतर दुसऱ्याला. आणि काळविटं? नुसता धुरळा!

झुडपामागनं त्या जनावराला सांभाळणारे चित्तेवान मियाँ धावत आले. "कोन बोंबलतंय? पावणं, वाघ न्हाय त्यो, सरकारांचा चित्ता हाय! काळविटं धरायला शिकवलाय, शिकारीला आनलाय. गाडीला बांधलाय, डोळ्यांवर टोपी घातलीया. त्याला तुमी दिसतबी न्हाय!" मग त्याच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाले, "बघा, तुमच्या वरडण्यानं कसं थरथरतंय बिचारं!"

साहेब रिकाम्या हातानं, शिव्या घालत परत गेला. आणि पाटील? मी सोडलं तिथंच, काठी घट्ट धरून एकटे उभे.

पाटील आणि मियाँ, दोघांनी ओढून मला खाली काढलं. घरापर्यंत पाटील काठी आपटत पुढं, मी धोतर सावरत मागं. मी मनात म्हटलं, गेलं लगीन!

दारात माझ्या वडलांनी, आबांनी, भीत भीत विचारलं, "पाटील, काय ठरवलंसा?"

"पोरगी दिली!"

"दिली?" मीच ओरडलो.

"व्हय की! वाघ दिसला तर ह्यो गडी सासऱ्यालाबी टाकून एकटाच पळतोय. दुसरीचा हात धरून पळायची ह्याची काय छाती! माझी पोरगी निर्धास्त हाय."