अकरा की एकोणीस

अलिबागजवळ खाडीकाठी आत्याचं खारं शेत आहे. भरतीचं पाणी बांध ओलांडून आत आलं तरी तिथे राता नावाचा लाल भात तग धरतो. तो कसा, हे त्याच्या डीएनएतून शोधायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय. आत्याकडून पिशवीभर बी आणलं, कुंड्यांत तीस रोपं वाढवली आणि पानांतला डीएनए वाचून घेतला. तोवर मी चिखलात हात घालणारी. संगणकाशी माझं विळ्याभोपळ्याचं नातं. सहा महिने खपून प्रोग्रॅम लिहायला शिकले, तेव्हा कुठे पडद्यावर तीस ठिपके उमटले. तेही दोन वेगळ्या घोळक्यांत; जात एकच, तर घोळकाही एकच हवा होता.

सर म्हणाले, "तुझ्या हातून नमुने मिसळलेत. महिन्याभरात खुलासा कर, नाहीतर हा विषय दुसऱ्या कुणाला देतो." मला रडू आलं, आणि रागही.

तीसही रोपांचं भात मी आकडे घालून पुड्यांत ठेवलं होतं. त्या घेऊन आत्याकडे गेले. पडवीत बसून तिने एकेक पुडी उघडली, दाणा बोटांत फिरवला, त्याच्या टोकाचं कुसळ चाचपलं आणि पुड्यांच्या दोन ओळी लावल्या. "ह्यो वरच्या शेताचा राता. ह्यो खाडीकडचा. दोन हायेत, बाय."

लॅपटॉप उघडून मी त्या दोन घोळक्यांशी ताडून पाहिलं. अठ्ठावीस पुड्या जुळल्या. संगणकाला लाखो अक्षरं वाचून जे कळलं, ते हिच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. मी मात्र काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत बसले होते.

जुळल्या नाहीत फक्त अकरा आणि एकोणीस. तिथे म्हातारीची बोटं चुकली, असं मी ठरवूनही टाकलं. प्रयोगशाळेत परतल्यावर वही काढली. मराठी आकडे घाईत लिहायची मला खोड. डीएनएच्या नळ्यांवर माझ्याच ११ आणि १९ ची अदलाबदल झाली होती. दोन्ही पुन्हा तपासून घेतल्या. आत्या तीसपैकी तीस बरोबर.

विषय माझ्याकडेच राहिला. तिला फोन करून सांगितलं आणि विचारलं, की दोन जाती होत्या तर एकाच पिशवीत का दिल्यास?

"भावाची लेक पहिल्यांदा बी मागाया आली," ती म्हणाली, "एकच कसा देऊ?"